बुधवारचे बोल्ट

भोसरीच्या एमआयडीसीत समुद्र आहे, हे फार लोकांना माहीत नाही. घरच्या डीप फ्रीजएवढी पेटी, वर उतरतं झाकण आणि आत मिठाच्या पाण्याचं धुकं. त्या धुक्यात स्टीलचे, जस्त चढवलेले, रंगवलेले तुकडे तिरके टेकवून ठेवायचे, झाकण लावायचं आणि कशावर कधी गंज चढतो ते बघत बसायचं. एका खासगी धातू-तपासणी प्रयोगशाळेत मी निवृत्त होईपर्यंत हा समुद्र सांभाळला. मी मूळची धाराशिवकडची. आमच्या गावात पाण्याचा टँकर आला की जत्रा भरायची, त्यामुळे समुद्राशी माझी ओळख नोकरीतूनच झाली. खरा समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बरोबरच्या मैत्रिणी हरखून गेल्या होत्या. माझ्या मनात आलं, यात मीठ जेमतेम साडेतीन टक्के असणार, आमच्या पेटीत पाच असतं. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि पुढच्या सहलीला मला कुणी बोलावलं नाही.

आमच्या पेटीला किराणा दुकानातलं मीठ चालत नाही. त्यात आयोडीन नको, मीठ मोकळं राहावं म्हणून घालतात ती पूड नको, आणि पाणीही शुद्धच लागतं. खऱ्या समुद्रात असला काही शुद्धपणा नसतो, पण नियम म्हणजे नियम. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना सांगितलं होतं की मुलगी धातूशास्त्रातली इंजिनिअर आहे. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, ‘भांड्यांच्या कंपनीत आहे.’ मी ते कधी दुरुस्त केलं नाही. पुढे ग्राहकांना आपलं काम समजावून सांगताना पुष्कळदा वाटायचं, सासूबाईंनी थोडक्यात बरं सांगितलं होतं.

बाहेरच्या माणसाला या कामातल्या दोनच गोष्टी कळल्या तरी पुरे. पहिली म्हणजे गंज. ज्याने स्टीलला ‘स्टेनलेस’ असं नाव ठेवलं तो समुद्रापासून बराच लांब राहत असावा. या स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा पृष्ठभागावर आपोआप तयार होतो आणि आतल्या लोखंडाला सांभाळतो. मीठ त्या पापुद्र्याला टोचून भोकं पाडतं. मग वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आत सुईच्या अग्राएवढे खड्डे खोल जात राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे भेग. गंज निदान रंग बदलून सांगतो की मी आलोय. भेग काही सांगत नाही, त्यामुळे आमच्या धंद्यात गंजापेक्षा भेगेला जास्त घाबरतात.

ग्राहकांचे नाना प्रकार पाहिले. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचे मालक कठड्याच्या पाइपचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. कठडा लावून वर्षही झालं नव्हतं आणि त्यावर तपकिरी ठिपके उठले होते. “मॅडम, हे स्टेनलेस नाहीच. फसवलं मला,” म्हणाले. तपासलं, तर स्टील अगदी उत्तम, समुद्रासाठी वापरतात त्याच जातीचं. मी विचारलं, कठडा पुसता कशाने? ते अभिमानाने म्हणाले, “दर आठवड्याला फरशीच्या अ‍ॅसिडने. मी स्वतः उभा राहून करून घेतो.” फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे मिठाचा थोरला भाऊ. समुद्राला जे करायला दहा वर्षं लागली असती ते यांनी घरच्या घरी उरकलं होतं. मी समजावून सांगितलं तेव्हा ते रागावून म्हणाले, “मग काय घाण ठेवायची?” शेवटी रिपोर्टात अ‍ॅसिडचं नाव नको, ‘स्वच्छता’ असं लिहा, असा त्यांनी हट्ट धरला. मी अ‍ॅसिडच लिहिलं.

पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक काकू आहेत. त्या एकदा स्टीलचा डबा घेऊन घरी आल्या. त्यात मिठात घातलेल्या कैऱ्या वर्षभर होत्या आणि तळाला बारीक भोकं पडून सगळं कपाट खारट झालं होतं. “तू तपासतेस ना? मग सांग, यात माझी चूक की डब्याची?” मी भिंगाखाली पाहिलं आणि सांगितलं की डबा हलक्या स्टीलचा आहे, तुमची काही चूक नाही. काकूंनी ते मला दोनदा म्हणायला लावलं. नुसतं खरं कारण कळावं म्हणून माझ्याकडे आलेल्या थोड्या माणसांत मी काकूंना धरत होते. डबा त्यांच्या जावेने दिला होता, हे नंतर कळलं.

कारण आमच्याकडे तुटका तुकडा कधी एकटा येत नाही, त्याच्याबरोबर एक नाव येतं. एक बोल्ट घ्या. स्टील एकाने बनवलेलं असतं, घडवणारा दुसरा, तापवून कडक करणारा तिसरा, जस्त चढवणारा चौथा, बसवणारा पाचवा आणि वापरणारा सहावा. बोल्ट तुटला की यातला प्रत्येक जण उरलेल्या पाचांपैकी एकाचं नाव मनात ठरवून येतो आणि त्यावर आमचा शिक्का मागतो. आणि नावावर एकमत होत नसेल, तर सगळ्यांना चालेल असा एक आरोपी कायम तयार असतो, तो म्हणजे समुद्र. त्याला नोटीस पाठवता येत नाही आणि तो उलट उत्तर देत नाही. चाकण ते पिंपरी या पट्ट्यात समुद्रावर जेवढे आळ आले तेवढे किनाऱ्यावरही आले नसतील.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. मी निवृत्त होण्याच्या आधीचं, शेवटचं मोठं काम.

चाकणमधली एक कंपनी बोटींसाठी छोट्या क्रेन बनवायची. प्रवासी लाँचवर जीवरक्षक होडी टांगलेली असते. वेळ आली की माणसं तिच्यात बसतात आणि ही क्रेन ती होडी माणसांसकट पाण्यात सोडते. क्रेनचा पाय डेकला चार बोल्टांनी धरलेला असतो. कोकणातल्या एका लाँचवर सकाळी डेक झाडताना खलाशाच्या केरसुणीत बोल्टाचं डोकं आलं. नुसतं डोकं. बोल्टाचा उरलेला भाग जागेवरच होता. त्याने सुपारीएवढी ती वस्तू कप्तानाला दिली, आणि ती हातोहात फिरत आमच्या टेबलावर आली.

कंपनीचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख मेहेंदळे स्वतः आले होते. चांगला माणूस, नेहमी इस्त्रीचा शर्ट आणि कपाळाला आठी. “मॅडम, तुमच्याकडून फक्त कन्फर्मेशन पाहिजे. बोट समुद्रात, बोल्ट गंजला, तुटला. स्ट्रेट केस आहे.”

“तपासायच्या आधीच?” मी विचारलं.

“तपासा ना. तपासून तेच लिहा.”

त्यांची अडचण मला कळत होती. समुद्राने गंजवला असं ठरलं तर देखभाल नीट ठेवली नाही हा लाँचवाल्यांचा दोष. तो एक बोल्ट बदलायचा आणि विषय संपला. पण दोष बोल्टातच असेल, तर तशाच बोल्टांवर उभ्या असलेल्या बाकीच्या सगळ्या क्रेनी आल्या, त्या ज्या ज्या धक्क्यांवर गेल्या ते धक्के आले, आणि त्या होड्यांत बसणारी माणसंही आली. म्हणजे आमच्या रिपोर्टातल्या एका ओळीवर हे सगळं टांगलेलं होतं.

मी ते डोकं सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. गंजाने खाल्लेलं स्टील झिजलेलं दिसतं. ओढाताणीने तुटलेलं स्टील तुटण्याआधी ताणलं जातं, त्याच्या खुणा राहतात. इथे दोन्ही नव्हतं. वर गंजाची पुसट साय होती, ती काढल्यावर खाली खडीसाखर फोडल्यासारखे लखलखीत पैलू. स्टील आपल्या कणांच्या सीमांवरून उकललं होतं. हे दिसलं की आमच्या पेशात एकच नाव मनात येतं, हायड्रोजन.

समजायला हे अवघड नाही. बोल्टावर जस्त चढवण्याआधी तो अ‍ॅसिडमध्ये बुडवून साफ करतात, मग टाकीत लटकवून वीज सोडतात. या दोन्ही वेळी हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा स्टीलच्या आत शिरतो. साध्या, मऊ स्टीलला त्याचं काही वाटत नाही. पण या बोल्टासारखं क्रोमियम, मॉलिब्डेनम घातलेलं, तापवून भरपूर कडक केलेलं स्टील असेल तर तो आत दबा धरून बसतो. बोल्ट आवळला की जिथे सगळ्यात जास्त ताण असतो, म्हणजे डोक्याच्या खाली, तिथे तो गोळा होतो आणि कणांची पकड सैल करतो. आवळताना बोल्ट तुटत नाही. आवळणारा घरी जातो, क्रेन रवाना होते, आणि मग कधीतरी तो तुटतो. उपाय सोपा आहे. जस्त चढवल्यावर तीन-चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत ठेवायचे आणि मंद आचेवर बराच वेळ तापवायचे. हायड्रोजन निघून जातो.

आता समुद्र अगदीच निर्दोष होता असं नाही. खाऱ्या पाण्यात जस्त स्वतः झिजून स्टीलला वाचवतं, आणि तसं करताना थोडा नवा हायड्रोजन आत ढकलतं. म्हणजे समुद्र साथीदार होता. पण सुरुवात चाकणलाच झाली असणार, याबद्दल मला फारशी शंका नव्हती.

जस्त चढवायचं काम बबनरावांकडे होतं. चाकणजवळच्या एका गावातले, घरची जमीन एमआयडीसीत गेली आणि आलेल्या पैशांत त्यांनी टाक्या मांडल्या. साठीच्या आसपासचा, अंगाने थोराड माणूस. कारखान्यातून तडक यायचे म्हणून पायात कायम गमबूट. मेहेंदळ्यांकडून कुणकुण लागताच ते आमच्या प्रयोगशाळेत हजर झाले.

“ताई, माझ्या कामात खोट न्हाई,” ते उभ्यानेच म्हणाले. “भट्टीत माल मी सोता लावतो. चार तास म्हनले तर मी आठ तास ठिवतो. कुनालाबी इचारा.”

असं प्रत्येक जण म्हणतो, त्यामुळे मी नुसती मान हलवली. कंपनीच्या गोदामात त्याच लॉटचे, म्हणजे त्याच खेपेतले, बोल्ट शिल्लक होते. ते मागवून एका जाड पोलादी पाटीत आवळून बसवले, भोवती जाळी लावली आणि वाट बघायला लागलो. या चाचणीत करायचं काहीच नसतं. तुटला तर तुटला, नाही तर नाही. बबनराव म्हणाले, मी हितंच बसतो. आमच्या नियमात ग्राहकाने बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण आजवर कुणाला तशी इच्छाच झाली नव्हती. त्यांना एक खुर्ची दिली.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. बबनराव संध्याकाळी आम्हा सगळ्यांना ‘येतो’ म्हणून गेले आणि सकाळी आमच्याही आधी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी बोल्ट शाबूत. आता त्यांचा चेहरा खुलला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, आम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला. “घ्या ताई. मी म्हनलं व्हतं का न्हाई? आता त्या मेहेंदळे सायबाला काय ते सांगा,” असं म्हणत त्यांनी घास उचलला, आणि जाळीत टक् असा आवाज झाला.

आवाज फार लहान असतो. बाटलीचं झाकण पडावं एवढाच. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. बबनरावांनी हातातला घास परत डब्यात ठेवला, हात पँटला पुसला, जाळीपाशी वाकून तळाशी पडलेलं डोकं उचललं.

“ह्यो आपला न्हाई,” ते म्हणाले.

त्यांनी ते डोकं खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवून पाहिलं. जस्तावर शेवटी जो पिवळसर हात देतात त्याची छटा प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी असते.

“आपलाच हाय,” ते म्हणाले. “ही पिवळाई आमचीच.”

संध्याकाळपर्यंत आणखी काही डोकी पडली. काही बोल्ट मात्र शेवटपर्यंत टिकले, आणि त्यानेच मला कोड्यात टाकलं. स्टील तेच, टाक्या त्याच, भट्टी तीच, मग काहीच का टिकतात? “भट्टी तीच, मानसं तीच, म्या बी त्योच,” असं म्हणत बबनराव खुर्चीतून उठले. “तुमीच येऊन बघा एकदा. बेस्तरवारी या, म्हंजे निवांत बोलता यील.”

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. गुरुवारी विजेच्या दुरुस्तीची कामं निघतात, लाईट जाते, म्हणून कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारी. बाहेरून नवीन आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. सोयरिकी बघायला जाणं, दाढी-कटिंग, पोरांच्या शाळेत जाऊन शिव्या खाणं, सगळं गुरुवारी. मीही इतकी वर्षं गुरुवारीच दळण आणत आले. इतक्या वर्षांत गुरुवारी एखाद्या कारखान्यात जायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

बबनरावांच्या शेडमध्ये सगळं शांत होतं. टाक्यांवर झाकणं, जमीन धुऊन घेतलेली. त्यांनी मला एकेक टाकी दाखवली, अ‍ॅसिड कधी बदलतात ते सांगितलं, आणि ते सगळं व्यवस्थित होतं. खरं सांगायचं तर मी पाहिलेल्या चांगल्या शेडपैकी ती एक होती. मग आम्ही भट्टीपाशी आलो. भट्टीच्या दाराशी ट्रॉलीवर बोल्टांनी भरलेले ट्रे एकावर एक रचून ठेवले होते, सगळे नव्या नवरीसारखे चमकत होते. मी भट्टीच्या दाराला हात लावला तर दार गार होतं.

“हे कधीचे?”

“कालचे. सांजच्याला टाकीतनं काढले.”

“आणि भट्टीत?”

“उद्या सकाळी. काल सांजच्याला मानसं सुट्टीला गेली, आन आज लाईट कुठंय? जनरेटरवर पंखा-पंप चालतो, भट्टी ओढत न्हाई.” मग माझ्याकडे बघून त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितलं, “म्हनून तर आठ तास ठिवतो, ताई. उशीर झाला त्याची भरपाई नको का करायला?”

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. वीज वाचवायला भट्टी चुकवणारा कुणी असता तर माझं काम सोपं झालं असतं. इथे एक माणूस आपल्या खिशातली वीज जाळून, कुणी न सांगता, दुप्पट मेहनत करत होता, आणि त्या मेहनतीचा काहीच उपयोग नव्हता. मी त्यांना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. हायड्रोजन दिवसभर आत राहिला की स्टीलच्या आत कुठेकुठे बारीक भेगा धरायला सुरुवात होते. एकदा भेग धरली की नंतर भट्टीत आठ तास ठेवा नाहीतर आठ दिवस, ती भरून येत नाही. सोमवारचा, मंगळवारचा, शुक्रवारचा माल वेळेत भट्टीत जातो, तो टिकतो. बुधवारी संध्याकाळचा माल शुक्रवारपर्यंत बाहेर बसतो आणि तो तुटतो. कंपनीकडे दोन्ही एकाच लॉटमध्ये जातात, म्हणून काही पडतात आणि काही राहतात.

बबनराव जवळच्या उपड्या क्रेटवर बसले. मला वाटलं, आता ते कारखान्याचं काय होणार हे विचारतील. त्यांनी विचारलं, “आन बाकीच्या क्रेनी?”

मी रिपोर्ट लिहिला. मेहेंदळे वाचून ताबडतोब आले. “मॅडम, समुद्रानेही हायड्रोजन वाढतो असं तुम्हीच लिहिलंय. मग तेच पहिल्या पानावर घ्या ना.” मी म्हटलं, साथीदाराचं नाव आधी आणि गुन्हेगाराचं नंतर, असं आमच्यात लिहीत नाहीत. ते म्हणाले, “सगळ्या क्रेनी परत उघडायच्या म्हणजे काय असतं, कल्पना आहे तुम्हाला? वर कुणाकुणाला तोंड द्यायचंय मला?” मला कल्पना होती, आणि त्यांच्याबद्दल रागही नव्हता. त्यांना फक्त एक असा आरोपी हवा होता, ज्याला मुलंबाळं नाहीत.

मग कंपनीत बैठक झाली. मेहेंदळे फाइल घेऊन, वरिष्ठ मंडळींना घेऊन, पूर्ण तयारीनिशी बसले होते. बैठक सुरू व्हायच्या आत बबनराव उठून म्हणाले, “चूक माझ्याकडं झाली. बुधवारचा माल खराब हाय. तो कुठंकुठं गेला ते तुमी सांगा, काढायला मी येतो.” एवढं बोलून ते खाली बसले. भांडायची जय्यत तयारी करून आलेला माणूस समोरचा कबूल झाला की फार अडचणीत येतो. मेहेंदळ्यांनी फाइल उघडली, मिटली, चहा सांगितला. त्या चहाच्या शेवटी सगळ्या क्रेनींचे बोल्ट बदलायचं ठरलं.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. कंपनीने बोल्टच बदलले. आता थोडे जाड आणि कमी कडक वापरतात, आणि त्यावर विजेने जस्त चढवत नाहीत. ते योग्यच झालं, तसं मीच सुचवलं होतं. पण त्यामुळे बबनरावांचं ते काम गेलं. पाठोपाठ आणखी दोन कंपन्यांनी माल पाठवणं थांबवलं. बबनरावांच्या बोल्टात खोट निघाली, एवढीच बातमी चाकणभर झाली. ती खोटी नव्हती, म्हणून मला ती खोडून काढता आली नाही. खोट निघाल्यावर हा माणूस काय बोलला, ते मात्र कुणाच्या कानावर गेलं नाही. टाक्यांची एक ओळ त्यांना बंद करावी लागली. माझ्या सगळ्या नोकरीत बरोबर लिहिलेल्या रिपोर्टाची हळहळ वाटली ती ही एकदाच. तरीही पुन्हा लिहायची वेळ आली तर तोच लिहीन, आणि पुन्हा तितकंच वाईट वाटून घेईन.

बुधवारी दुपारनंतर बबनराव आता कडक मालाला हात लावत नाहीत. नव्याने लागलेल्या कामगारांना वाटतं, मालकांचं कसलं तरी व्रत आहे. शेजारच्या दोन शेडवाल्यांनीही ते पाहून बुधवार पाळायला सुरुवात केली, कारण न विचारता. शास्त्राचा प्रसार माझ्याकडून एवढाच झाला, आणि तोही व्रताच्या नावाने.

तर ते बोल्ट काढायला आम्ही कोकणात गेलो. मेहेंदळे, बबनराव, एक फिटर आणि मी. माझं तिथे खरं तर काही काम नव्हतं. पण धुक्याच्या पेटीबाहेर, जिथे हे सगळं खरोखर बसवलेलं असतं, तिथे एकदा जाऊन बघावं असं वाटलं. शेवटचा धक्का होता तिथे दुपारची लाँच जायला अजून वेळ होता. होडी आधीच उतरवून डेकवर ठेवली होती आणि क्रेन नुसतीच उभी होती. एक तरणाबांड खलाशी दोराची गुंडाळी घेऊन बाजूला काम करत होता. खाऱ्या हवेत बोल्ट धरून बसलेले असणार म्हणून फिटरने पान्याला लावायला लांब पाइप आणला होता. बबनराव त्याला म्हणाले, “तू ऱ्हाऊ दे,” आणि पाना स्वतः घेतला.

पहिल्या बोल्टाला पाइप लावावा लागला, मग तो कुरकुरत सुटला. दुसऱ्याला त्यांनी नुसता पाना लावला आणि थोडं वळवलं. पाना एकदम हलका झाला. त्यांनी तो वर उचलला तर त्यात बोल्टाचं डोकं अडकून आलं होतं. तिसऱ्याचंही तसंच झालं. चौथा नीट सुटला. बबनरावांनी दोन्ही डोकी तळहातावर घेतली आणि क्रेनकडे पाहिलं. ती आपली ताठ उभी होती, तिला कशाचीच खबर नव्हती.

खलाशी दोर सोडून बघायला आला. “हे असं तुटलेलंच होतं की काय?” म्हणाला.

“व्हय,” बबनराव म्हणाले.

“आयला. परवाच तर सरावाचं ड्रिल झालं. होडी बाहेर काढून माणसांसकट खाली पाण्यावर टेकवलेली.”

बबनरावांनी विचारलं, “मानसं म्हंजे कोन?”

“मी होतो. आणि माझा धाकटा भाऊ.”

मेहेंदळे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मी माझ्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले, ते काय शोधत होते ते मला आजही सांगता येणार नाही. बबनरावांनी ती दोन डोकी खिशात टाकली, पुढे झाले आणि त्या पोराचा हात मनगटापाशी दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या हातांना वंगण लागलेलं होतं, ते त्याच्या हाताला लागलं. तो बिचारा आधी हसला, मग आमच्याकडे बघायला लागला, मग त्याला काय करावं कळेना. लाँचवर माणसं चढायला लागली होती आणि कप्तान वरून त्याला हाका मारत होता.

“काका,” तो शेवटी म्हणाला, “हात सोडा ना. मला दोर बांधायचाय.”

तरी बबनरावांनी हात सोडायला बराच वेळ घेतला.